पत्रातलं ‘शुड’

वरच्या मजल्यावरचे काका विमा कंपनीचं पत्र घेऊन आले, तेव्हा त्यांनी ते आधीच पुरतं वाचून काढलं होतं. इंग्रजी कागद दिसला की तो तसाच कुणाच्या तरी हातात द्यायचा, ही त्यांची रीत नाही. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उभी हयात गेली, शिक्षण जुनी अकरावी, तेही मराठी माध्यमातून. पण कागद समोर आला की शब्दकोश काढून बसायचं. या पत्रातही प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात अर्थ लिहिलेला होता. ‘फर्निश’वर ‘पुरवणे’, ‘फेल’वर ‘नापास, अपयशी’, ‘शुड’वर ‘पाहिजे’. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा क्लेम होता आणि मधलं वाक्य असं होतं: ‘शुड द इन्शुअर्ड फेल टु फर्निश द डॉक्युमेंट्स विदिन फिफ्टीन डेज, द क्लेम शॅल बी ट्रीटेड अ‍ॅज क्लोज्ड.’ काकांनी अर्थाला अर्थ जोडून ते मराठीत उभं केलं होतं: विमाधारकानं कागदपत्रं पुरवण्यात अपयशी व्हायला पाहिजे. “ताई, कागद देऊ नका असं म्हणतायत का हे? मग मागच्या पत्रात मागितले कशाला?” त्यांच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता, खरोखरीचा प्रश्न होता. कागदपत्रं पंधरा दिवसांत दिली नाहीत तर क्लेम बंद धरला जाईल, असा अर्थ सांगितल्यावर त्यांनी खोडरबरानं ‘पाहिजे’ पुसलं, तिथे ‘जर’ लिहिलं आणि पत्राच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘द कंपनी मे, अ‍ॅट इट्स सोल डिस्क्रिशन, कन्सिडर अ रिक्वेस्ट फॉर एक्स्टेन्शन.’ तिथल्या ‘मे’वर ‘शक्यता आहे’ असं लिहून समासात त्यांनी बरोबरची छोटीशी खूण केली होती. “हे मात्र बरं आहे. थोडा उशीर झाला तरी विचार करण्याची शक्यता आहे म्हणतात.”

मला ती खूण खुपत राहिली. ‘शुड’चा गोंधळ मिनिटभरात मिटला, आता ‘जर’ लिहिलंय म्हटल्यावर तो पुन्हा व्हायचा नाही. ‘मे’चं तसं नव्हतं. काकांनी लिहिलेला अर्थ कुठल्याही शब्दकोशात सापडेल, परीक्षेत त्याला मार्क मिळतील. पण त्या वाक्यातलं ‘मे’ शक्यता सांगतच नव्हतं. कंपनीनं तिथे स्वतःचा अधिकार राखून ठेवला होता: विचार करू, नाहीतर करणार नाही, आणि दोन्हीपैकी काय केलं आणि का केलं हे सांगायला आम्ही बांधील नाही. लिहिणाऱ्यानं जिथे हात मोकळे ठेवले, तिथेच वाचणाऱ्यानं आशा वाचली. काकूंचा वॉकर, हॉस्पिटलच्या बिलांची जाडजूड फाइल, डिस्चार्ज समरीच्या झेरॉक्सवर अजून उमटलेली मशीनची ऊब, हे सगळं त्या तीन अक्षरी क्रियापदावर टेकलेलं होतं.

आम्ही सगळे असेच शिकलो. वहीच्या मागच्या पानावर यादी असायची. कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे कदाचित, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. वर्गात आम्ही ‘शुल्ड, वुल्ड, कुल्ड’ असं मोठ्यानं म्हणत असू आणि बाई टेबलावर पट्टी आपटून ‘एल सायलेंट’ म्हणत. कित्येक वर्षांनी वाचलं की ‘शुड’ आणि ‘वुड’ मधला तो ‘एल’ एके काळी इंग्रज खरोखर उच्चारत असत. ‘कुड’मध्ये मात्र तो मुळात कधी नव्हताच, बाकीच्या दोघांच्या संगतीनं लिहिण्यात शिरला आणि बसून राहिला. हे कळल्यावर आमच्या वर्गातल्या त्या ‘शुल्ड’बद्दल मला उगीचच माया वाटू लागली. आम्ही पानावर दिसतंय ते वाचत होतो. पानामागे काय आहे ते कुणी दाखवलंच नव्हतं.

‘इफ’चा धडा आला की हमखास तो पक्षी यायचा. इफ आय वेअर अ बर्ड, गाळलेली जागा, फ्लाय हाय इन द स्काय. मग पंतप्रधान, मग लॉटरी. पहिला प्रकार, दुसरा प्रकार, तिसरा प्रकार. फळ्यावर तीन रकाने. त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा निबंध असायचा, किंवा ‘सूर्य उगवला नाही तर’, किंवा सगळ्यांचा लाडका ‘परीक्षा नसत्या तर’. आता मागे वळून बघताना जाणवतं की मराठी निबंधातला मुलगा खरोखर पंतप्रधान होऊ शकत होता. ‘झालो तर’ म्हणताना त्यानं काहीच सोडून दिलेलं नसायचं. इंग्रजीच्या वहीत ‘वेअर’ आणि ‘वुड’ लिहिलं की आपण काही पंतप्रधान होणार नाही हे त्यानं स्वतःच कबूल केलेलं असे. असं असूनही दोन्ही वह्या एकाच दप्तरात असत आणि या दोघांत काही फरक आहे हे आमच्यापैकी एकालाही कुणी सांगितलं नाही. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, त्यात संकेतार्थाचा, म्हणजे क्रियापदाच्या शर्त सांगणाऱ्या रूपांचा, विचार किती बारकाईनं केलेला आहे! पण आमच्या इंग्रजीच्या बाईंनी त्या बाजूला कधी पाहिलं नाही आणि मराठीच्या सरांनी या बाजूला.

आणि पक्षी काही कुणाला पत्र लिहीत नाही. शर्तीची वाक्यं मोठेपणी जिथे खरी भेटतात, म्हणजे कर्जाच्या कागदात, भाडेकरारात, नोकरीच्या ऑर्डरीत, तिथलं एकही वाक्य शाळेत आमच्या समोर आलं नाही.

मी ते शिकले फोर्टात. एका जुन्या व्यापारी कंपनीत स्टेनो म्हणून लागले तेव्हा पिटमनची शॉर्टहँड हातात होती आणि इंग्रजी जेमतेम डोक्यात. शॉर्टहँडमध्ये नेहमी एकत्र येणारे शब्द पेन्सिल न उचलता एकाच जोडरेषेत काढतात. ‘आय शॅल बी ग्लॅड’, ‘इफ यू वुड’, ‘वुई शुड बी ऑब्लाइज्ड’ ही अशी एका झटक्यात संपणारी वळणं. हात ती आधी शिकला, अर्थ मागाहून आला. दुपारी जेवणानंतर साहेब डिक्टेशनला बोलवायचे. पालघाटचे होते, कडक स्टार्चचा पांढरा शर्ट, बोलताना खिडकीकडे चालत जायची सवय. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून टेबलावर पितळी वजन, बाहेर ट्रकचे हॉर्न, माझ्या बोटांना कार्बन पेपरचा तो मेणचट निळा वास. ते एखादं वाक्य अर्धं सांगून थांबायचे आणि पुन्हा पहिल्या शब्दावर यायचे. पुष्कळदा बदलायचा तो एवढाच: ‘विल’चं ‘शॅल’, ‘कॅन’चं ‘मे’, ‘इफ’ खोडून ‘शुड’.

एक पत्र विसरत नाही. गोदामातला एक माणूस अचानक गेला होता आणि त्याच्या बायकोला हिशेबाचे पैसे घेऊन जायला कळवायचं होतं. ज्युनिअर क्लार्कनं केलेला मसुदा साधा होता, त्यात वाईट हेतू काहीच नव्हता: इफ यू वॉन्ट द मनी, यू मस्ट कम टु द ऑफिस विथ द पेपर्स. साहेबांनी तो वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि मला लिहून घ्यायला सांगितलं. ‘शुड यू फाइंड इट डिफिकल्ट टु कम टु द ऑफिस, वुई शॅल सेंड समवन टु यू.’ मी टाइप करताना ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यातलं ‘शुड’ त्या बाईकडून काहीही मागत नव्हतं. तुम्हाला यायला अडचण होईलच असं आम्ही धरून चाललेलो नाही, पण तशी वेळ आलीच तर, एवढंच ते म्हणत होतं. आणि अडचण तिची असली तरी पुढचं ‘शॅल’ कंपनीनं स्वतःवर घेतलं होतं. माणूस पाठवायचं बंधन आमचं. ते पत्र तिला कुणीतरी वाचून दाखवलं असणार, कदाचित मराठीत सांगताना ही सगळी अदब गळूनही गेली असेल. तरी आमचा माणूस तिच्या घरी गेला, हे खरं. त्या ‘शॅल’नंतर न जाऊन चाललं नसतं.

काकांच्या हातातल्या पत्रातही हीच घडण होती. आधी ‘शुड’, मग ‘शॅल’. तेच मापलेले शब्द, तोच सुसंस्कृत आवाज. फक्त तिथे शर्त विमाधारकावर होती आणि ‘शॅल’ही त्याच्याच क्लेमवर कोसळत होतं. कंपनीच्या वाट्याला पत्रभर आलं होतं ते एकटं ‘मे’.

या एका गोष्टीकडे आता माझं लक्ष आपोआप जातं. औपचारिक इंग्रजीत ‘इफ’ गाळून क्रियापद वाक्याच्या तोंडाशी आणण्याची मुभा आजच्या वापरात मुख्यतः तिघांनाच उरली आहे: शुड, वेअर आणि हॅड. ‘शुड यू रिक्वायर’ म्हणजे तशी गरज पडेलच असं नाही, पडली तर. ‘वेअर द कंपनी टु डिक्लाइन’ म्हणजे कंपनी नाकारेल असं वाटत नाही, समजा नाकारलं तर. ‘हॅड वुई बीन इन्फॉर्म्ड’ म्हणजे वेळ निघून गेली. तिघांच्या अंतरात केवढा फरक! शिवाय ‘इफ’च्या पोटवाक्यात ‘वुड’ कधी वापरू नये असं शाळेत घोकून घेतात, आणि साहेबांच्या प्रत्येक दुसऱ्या पत्रात ‘इफ यू वुड काइंडली’ असायचं. ते चूक नव्हतं. तिथलं ‘वुड’ भविष्याचं नसून समोरच्याच्या मर्जीचं असतं: आपली तयारी असेल तर. आणि वाक्याच्या सुरुवातीचं ‘आय शुड बी ग्रेटफुल’ म्हणजे मी आभारी असायला पाहिजे असं अजिबात नाही; ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘आय’ आणि ‘वुई’बरोबर ‘वुड’च्या जागी ‘शुड’ येण्याची ती जुनी रीत आहे. अमेरिकेत ती जवळपास नाहीच. आपल्याकडे मात्र जुन्या फायलींतून ती अजून डोकावते, आणि ‘शुड म्हणजे पाहिजे’ शिकलेला वाचणारा तिथे अडखळतो.

तो अडखळतो यात त्याचं काही कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही. खुद्द इंग्रजांनाही हे कधी सोपं गेलं नाही. जॉन वॉलिस या गणितज्ञानं १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि त्यात ‘शॅल’ व ‘विल’चा नियम घालून दिला: स्वतःबद्दल बोलताना ‘शॅल’ म्हणजे नुसतं भाकीत आणि ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी, दुसऱ्याबद्दल बोलताना नेमकं उलट. पुढे शाळाशाळांतून तो पाठ करून घेतला गेला. बुडणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट त्यातूनच आली. ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असा तो ओरडला, मी बुडणारच आणि मला कुणी वाचवायचं नाही असा त्याचा अर्थ काठावरच्या इंग्रजांनी घेतला आणि त्याला बुडू दिलं. ही गोष्ट वर्गात हसत हसत सांगतात. मला ती क्रूर वाटते. १९०६ साली फाउलर बंधूंनी इंग्रजी लेखनावरच्या आपल्या पुस्तकात तर मोकळेपणानं लिहून टाकलं की दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हा वापर उपजत येतो, पण तिथे न जन्मलेल्याला तो साधणं जवळजवळ अशक्य आहे. म्हणजे स्कॉटिश, आयरिश माणसाचीही तीच अवस्था. आणि अशा भाषेत आपल्याकडच्या वर्कशॉपमधल्या फिटरला पंधरा दिवसांची मुदत कळवली जाते.

‘शॅल’चं मूळ पाहिलं तर ते देण्यात आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ देणं लागणे असा होता. जर्मनमध्ये कर्जाला ‘शुल्ड’ म्हणतात तो शब्द याच कुळातला. आपल्याकडेही माणूस पैसे देणं ‘लागतो’ आणि त्याला जावंही ‘लागतं’. कर्ज आणि कर्तव्य यांची मुळं दोन्हीकडे अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून कुठलंही औपचारिक पत्र हातात आलं की मी आधी हे बघते की देणं कुणाच्या नावावर मांडलंय.

न्यायालयांनाही हेच बघावं लागतं.

आपल्या राज्यघटनेचा दोनशेवा अनुच्छेद घ्या. विधानसभेनं मंजूर केलेलं विधेयक राज्यपाल पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतात, तिथे ‘मे’ आहे. पण सभागृहानं ते दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय पुन्हा मंजूर करून पाठवलं तर राज्यपालांनी संमती रोखायची नाही, तिथे ‘शॅल नॉट’ आहे. एकाच परिच्छेदात, एका ‘इफ’च्या अलीकडे मुभा आणि पलीकडे बंधन. पंजाब, तमिळनाडू, केरळ ही राज्यं अलीकडच्या काळात याच अनुच्छेदावरून सर्वोच्च न्यायालयात गेली. राज्य आणि राजभवन यांच्यातला एवढा मोठा राजकीय झगडा, आणि वकील तासन्‌तास बोलत होते ते अशा क्रियापदांवर. त्यातही गंमत अशी नाही की ‘शॅल’ दिसलं म्हणजे सक्ती आणि ‘मे’ दिसलं म्हणजे मोकळीक, आणि विषय मिटला. १९५७ साली उत्तर प्रदेशातल्या एका सरकारी नोकराच्या खटल्यात, मनबोधन लाल श्रीवास्तव यांच्या, सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की घटनेत लोकसेवा आयोगाशी ‘शॅल बी कन्सल्टेड’ असं लिहिलेलं असलं तरी तो सल्ला न घेतल्यानं सरकारची कारवाई रद्द होत नाही. उलट इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८८० मध्ये बिशप ऑफ ऑक्सफर्डच्या खटल्यात एक फार मोलाची गोष्ट सांगून ठेवली होती: शब्द नुसता परवानगीचा असला तरी जो अधिकार दुसऱ्या कुणाच्या हितासाठी दिलेला आहे, तो वापरणं हे कर्तव्य होऊ शकतं. हे वाचलं तेव्हा मला काकांची समासातली खूण आठवली. त्यांची आशा अगदीच अज्ञानातून आलेली नव्हती. ‘मे’ म्हटलं म्हणून वाट्टेल ते करता येत नाही, ही जाण कायद्यालाही आहे. फक्त ती मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

आणि पॅरिस. १२ डिसेंबर २०१५, हवामान कराराच्या वाटाघाटींचा शेवटचा दिवस. अंतिम मसुदा हातात आल्यावर अमेरिकेच्या शिष्टमंडळाच्या लक्षात आलं की चौथ्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमात विकसित देशांनी उत्सर्जन कपातीची उद्दिष्टं घेऊन पुढाकार चालू ठेवण्याबद्दल ‘शुड’ हवं होतं तिथे ‘शॅल’ छापून आलंय. ‘शॅल’ म्हणजे कायदेशीर बंधन, आणि तसं असतं तर करार अमेरिकन सिनेटपुढे न्यावा लागण्याची भीती होती. तिथे तो मंजूर झाला नसता. सगळं जग सभागृहात बसलेलं असताना धावपळ झाली, आणि शेवटी सचिवालयानं वाचून दाखवलेल्या किरकोळ दुरुस्त्यांच्या यादीत ‘शॅल’चं ‘शुड’ झालं. मग परिषदेचे अध्यक्ष लॉराँ फाबियुस यांनी हातोडी आपटली आणि करार झाला. मला या प्रसंगाचं सुटकेसारखंही वाटतं आणि रागही येतो. करार वाचला हे चांगलंच झालं. पण ज्यांनी हवेत सगळ्यात जास्त धूर सोडला त्यांच्या वाट्याचं देणं एका शब्दबदलानं सल्ला होऊन बसलं, हेही तितकंच खरं आहे. बलवान माणसाला आपल्यावरचं ‘शॅल’ लगेच दिसतं. ते काढून घ्यायला त्याच्याकडे वकील असतात.

काकांच्या पत्राला उत्तर आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. त्यांना सुरुवातीलाच लिहायचं होतं की आपण क्लेम मंजूर केल्यास मी जन्मभर आपला आभारी राहीन. शाळेतल्या रजेच्या अर्जापासून आपल्या हाताला हेच वळण आहे, ‘आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड’. मी त्यांना म्हटलं, काका, हप्ते तुम्ही भरलेत, उपकार कसले? ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बरं, पण उद्धट नको. कागदपत्रं मुदतीत पाठवत असल्याचं कळवलं, पोच मागितली, आणि आणखी काही हवं असल्यास एकाच वेळी कळवावं म्हणून ‘शुड यू रिक्वायर एनिथिंग फर्दर’ असं कंपनीचंच वळण कंपनीला परत केलं. शेवटी एक वाक्य होतं, ते लिहायचं की नाही यावर आमचा बराच वेळ गेला: ठराविक काळात उत्तर न आल्यास मी विमा लोकपालांकडे दाद मागेन. वकिली नोटिशीत यासाठी एक ठरलेलं वाक्य असतं, ‘फेलिंग विच आय शॅल बी कन्स्ट्रेन्ड टु’, म्हणजे नाइलाजानं मला तसं करावं लागेल. काकांना त्यातलं ‘नाइलाजानं’ फार आवडलं. धमकी दिल्यासारखं वाटत नाही आणि घाबरल्यासारखंही नाही, असं त्यांचं मत पडलं. ‘कन्स्ट्रेन्ड’चं स्पेलिंग त्यांनी तीनदा तपासलं आणि सही वळणदार मराठीत केली. काही रक्कम कापून क्लेम मंजूर झाला. पत्राचा त्यात किती वाटा आणि नियमांचा किती, हे मी ठरवू शकत नाही. पण पत्र पाठवताना काका ताठ बसले होते, हे मी पाहिलं.

हे सगळं पाप इंग्रजीच्या माथी मारून मोकळं व्हावं असं मात्र मला वाटत नाही. आपलं सरकारी मराठी काय वेगळं करतं? ‘मुदतीत रक्कम न भरल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ ‘विनातिकीट आढळल्यास’, ‘गैरहजर राहिल्यास’, ‘माहिती खोटी आढळून आल्यास’. हे ‘ल्यास’ म्हणजे आपलं घरचं ‘शुड’च. बोलताना आपण कुणीच असं बोलत नाही; आईनं मुलाला ‘दूध न प्यायल्यास’ म्हटलेलं ऐकलंय का कधी? आणि पुढचं ‘करण्यात येईल’ तर इंग्रजीच्याही वरताण आहे, कारण त्यात करणारा माणूसच नाहीसा होतो. कारवाई होणार, पण करणार कोण हे कागद सांगत नाही. तरीही मराठी नोटीस हातात आल्यावर काकांना पेन्सिल लागत नाही. तिथे ते रागावतात, भांडतात, कार्यालयात जाऊन साहेबाला नाव विचारतात. भाषा आपली असली की तिच्यातली दांडगाईही ओळखीची असते आणि ओळखीच्या दांडगाईशी झगडता येतं. विम्याच्या नियामकानं १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीसोबत सोप्या शब्दांतलं माहितीपत्रक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि ग्राहकानं मागितल्यास ते स्थानिक भाषेतही द्यायला सांगितलं. मागितल्यास! हा हक्कही एका शर्तीच्या मागे ठेवलेला आहे आणि ती शर्त पुरी करायची तर हक्क आहे हे आधी कानावर यायला हवं. आमच्या इमारतीत विचारून पाहिलं, एकालाही ठाऊक नव्हतं. मी माझ्या पॉलिसीसाठी लगेच मागितलं, आणि आता जिन्यात जो भेटेल त्याला मागायला सांगते.

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात नववी-दहावीची काही मुलं माझ्याकडे इंग्रजीला बसतात. त्यांना मी पक्ष्याचं वाक्य देत नाही. घरातून खरे कागद आणायला सांगते: फीची पावती, वीजबिलाची मागची बाजू, भाडेकरार, बँकेचं पत्र. प्रत्येक शर्तीच्या वाक्यात दोन गोष्टी शोधायच्या, शर्त कुणाला घातली आहे आणि बांधला कोण गेला आहे. परवा एका मुलीनं मोठ्या बहिणीच्या होस्टेलची नियमावली आणली होती. पेन्सिलनं तिनं ‘शॅल’ आणि ‘मे’ वेगवेगळे केले. विद्यार्थिनींच्या नावापुढे ‘शॅल’ची रांग लागली होती: वेळेत येणं, दंड भरणं, खोली सोडणं. व्यवस्थापनापुढे सगळीकडे ‘मे’. ‘मे कॅन्सल’, ‘मे रिव्हाइज’, ‘मे इन्स्पेक्ट’. “बाई, यांच्यावर एकही शॅल नाही का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, असेल, शोध. बाकीची मुलंही तिच्या कागदावर वाकली. शेवटच्या पानावर बारीक टाइपात एक सापडलं: ‘शुड द स्टुडंट विदड्रॉ, द डिपॉझिट शॅल बी रिफंडेड.’ तिनं त्याखाली जाड रेघ ओढली, वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाली, “पण यात किती दिवसांत ते लिहिलंच नाहीये. दंडाला मात्र सात दिवसांची मुदत आहे.” तिच्या बहिणीनं होस्टेल मागच्या टर्मला सोडलंय आणि डिपॉझिट अजून आलेलं नाही. ते मागायचं पत्र आम्ही येत्या रविवारी लिहिणार आहोत, आणि पहिला मसुदा तीच करून आणणार आहे.